‘देऊन टाकू, बिघडतं काय?’ : महाराष्ट्रातल्या बालरोगतज्ज्ञांना आणि फॅमिली डॉक्टरांना खुलं पत्र

सप्रेम नमस्कार.

सातारा जिल्ह्यातल्या एका महाविद्यालयात मी 31 वर्षं सूक्ष्मजीवशास्त्र शिकवलं. आता निवृत्त आहे. मी डॉक्टर नाही. बाळाच्या पाठीला स्टेथोस्कोप लावला की तुम्हाला जे ऐकू येतं, ते मला येत नाही. तरीही हे पत्र लिहिते आहे, कारण तुमच्यापैकीच एकानं मला एक प्रश्न विचारला होता आणि त्याचं उत्तर मला तेव्हा देता आलं नाही.

माझा नातू आता सहा वर्षांचा आहे. त्याला बाळदमा आहे. पाऊस सरतो, सोयाबीनची मळणी सुरू होते, हवेत ती बारीक धूळ भरते, आणि आमच्या घरात रात्रीची झोप संपते. दोन वाजता पोर उठून बसतं. छातीत मांजर गुरगुरावं तशी घरघर, श्वास घेताना बरगड्यांखाली पडणारा खड्डा, आणि बोलायला गेला की एका वाक्यात तीनदा थांबणं. पंप आणि स्पेसर आता त्याच्या शाळेच्या दप्तरातही असतो. नियमित औषधानं तो बराच सावरला आहे, खेळतो, पळतो. पण ज्या घरात दमेकरी मूल आहे, तिथली माणसं झोपेतही एक कान उघडा ठेवतात.

गेल्या दिवाळीत मी त्याची जुनी फाईल काढली. पहिल्या वर्षात पाच वेळा अँटिबायोटिकचा कोर्स. पहिला, तो दोन महिने अकरा दिवसांचा असताना. नाक गळत होतं, ताप नव्हता, दूध व्यवस्थित पीत होता. तिसऱ्या वेळी मी सोबत गेले होते. बाहेर बाकांवर वीस-पंचवीस आया मुलांना मांडीवर घेऊन बसलेल्या. डॉक्टर सकाळपासून एका जागी, चेहरा दमलेला. मी हळूच विचारलं, “व्हायरल वाटतंय, दोन दिवस थांबायचं का?” ते मायेनंच म्हणाले, “मॅडम, देऊन टाकू. बिघडतं काय?”

मी गप्प बसले. आयुष्यभर जिवाणू शिकवलेली बाई, आणि माझ्याकडे त्या क्षणी एकच उत्तर होतं: जिवाणू औषधांना दाद देईनासे होतील. पण ते झालं समाजाचं नुकसान. मांडीवरच्या या बाळाचं स्वतःचं काय बिघडतं, हे मला सांगता आलं नाही. गेली काही वर्षं मी त्या उत्तराच्या मागे आहे. जे हाती लागलं ते तुमच्यापुढे ठेवते.

एक गोष्ट आधीच सांगते. नातवाचा दमा त्या पाच बाटल्यांमुळे झाला, असं मी म्हणत नाही. एका मुलाबद्दल असं कुणालाच सांगता येणार नाही. माझ्या आईलाही दमा होता. शिवाय सर्दी-खोकल्याचे विषाणू, विशेषतः आरएसव्ही, पुढच्या घरघरीशी जोडलेले आहेतच. मी एका मुलाचा हिशेब मांडत नाही. तुमच्या लेटरहेडवर रोज ज्या पाच-सात ओळी लिहिल्या जातात, त्यांतल्या एका ओळीबद्दल बोलते आहे.

प्रयोगशाळेत आम्ही मुलांना एक प्रयोग हमखास करायला द्यायचो. आगरच्या थाळीवर जिवाणू पसरायचे, मधोमध अँटिबायोटिकची कागदी चकती ठेवायची, आणि दुसऱ्या दिवशी चकतीभोवतीचं मोकळं वर्तुळ पट्टीनं मोजायचं. वर्तुळ जितकं मोठं तितकं औषध गुणाचं. शेकडो मुलांनी माझ्यासमोर ती वर्तुळं मोजली. त्या मोकळ्या जागेत पुढे कोण येऊन बसतं, हे मी कधी विचारलं नाही आणि कुणी मला विचारलं नाही. थाळी आम्ही ऑटोक्लेव्हमध्ये, म्हणजे वाफेनं सगळे जंतू मारणाऱ्या यंत्रात, टाकायचो. बाळाचं आतडं तसं टाकून देता येत नाही.

ती रिकामी जागा आणि फुप्फुसं यांचा संबंध मला पहिल्यांदा दिसला तो अमेरिकेतल्या मिशिगन विद्यापीठातल्या एका कामात. गॅरी हफनॅगल आणि नोव्हर यांच्या गटानं 2004 मध्ये ते प्रसिद्ध केलं. प्रयोग इतका साधा आहे की बीएस्सीच्या मुलांनाही फळ्यावर समजावता येईल. उंदरांना पाच दिवस पिण्याच्या पाण्यातून सेफोपेराझोन हे अँटिबायोटिक दिलं, म्हणजे तिसऱ्या पिढीचं सेफॅलोस्पोरिन, आपल्या सेफिक्झिमच्याच घराण्यातलं. मग त्यांच्या पोटात कँडिडा ही यीस्ट सोडली. एरवी आतड्यातले जिवाणू तिला पाय रोवू देत नाहीत. आता जागा मोकळी होती, ती तिथं रुजली. त्यानंतर या उंदरांच्या नाकात अ‍ॅस्परजिलस बुरशीचे बीजाणू सोडले. हे बीजाणू काही जगावेगळे नाहीत. ओलसर भिंत, जुनं धान्य, कडबा, पालापाचोळा, सगळीकडे असतात. तुम्ही-आम्ही रोज ते श्वासातून घेतो आणि फुप्फुसं ते निमूटपणे बाहेर काढतात.

ज्या उंदरांची पोटं शाबूत होती, त्यांनी तेच केलं. ज्यांच्या आतड्यातली घडी विस्कटली होती, त्यांच्या फुप्फुसांत मात्र अ‍ॅलर्जीचं सगळं चित्र उभं राहिलं: इओसिनोफिल पेशींची गर्दी, चिकट श्लेष्मा, आयजीई हे अ‍ॅलर्जीचं प्रतिपिंड वाढलेलं, इंटरल्युकिन-13 सारखे संदेश वाढलेले. त्यांना आधी इंजेक्शन देऊन अ‍ॅलर्जीसाठी ‘तयार’ केलेलं नव्हतं. दम्याच्या प्रयोगांत सहसा तसं करावं लागतं. इथं नुसता श्वास पुरला. पुढच्याच वर्षी त्यांनी वेगळ्या वंशाचे उंदीर घेतले, बुरशीच्या जागी अंड्यातलं प्रथिन वापरलं, तरी तेच झालं.

औषध तोंडावाटे पोटात गेलं, बिघाड पोटात झाला आणि त्याची खूण उमटली छातीत. हे वाचलं त्या दिवशी मी खुर्चीतून उठून अंगणात फेऱ्या मारत होते.

दहा वर्षांनी, 2014 मध्ये, त्याच विद्यापीठातल्या दुसऱ्या गटानं या प्रवासाची एक वाट शोधून काढली. अँटिबायोटिकनंतर आतड्यात बुरशी माजली की प्रोस्टाग्लँडिन ई-2 हे रसायन वाढतं, ते रक्तातून फुप्फुसांत पोहोचतं आणि तिथल्या भक्षक पेशींचा स्वभावच बदलतं. त्या अ‍ॅलर्जीला खतपाणी घालणाऱ्या प्रकारच्या होतात. हे प्रोस्टाग्लँडिन रोखलं तेव्हा उंदरांच्या श्वासनलिकेतला दाह कमी झाला.

ही झाली नको ते उगवल्याची बाजू. हवं ते हरवल्याची बाजू मला जास्त महत्त्वाची वाटते, कारण बाळांच्या बाबतीत पुरावा तिकडे अधिक आहे. आतड्यातले चांगले जिवाणू आपल्याला न पचणारा चोथा, आणि तान्ह्या बाळात आईच्या दुधातल्या खास शर्करा, आंबवतात. त्यातून अ‍ॅसिटेट, प्रोपिओनेट, ब्युटिरेट अशी लहान साखळीची आम्लं तयार होतात. ही आम्लं आतड्यापुरती राहत नाहीत. रोगप्रतिकारशक्तीला आवर घालणाऱ्या नियामक टी पेशी त्यांच्या जोरावर वाढतात. स्वित्झर्लंडमधल्या लोझान इथं बेंजामिन मार्सलँड यांच्या गटानं 2014 मध्ये दाखवलं, की उंदरांना भरपूर तंतुमय आहार दिला की रक्तातली ही आम्लं वाढतात. नुसतं प्रोपिओनेट दिलं तर त्याचा परिणाम थेट अस्थिमज्जेपर्यंत जातो. तिथून जन्मणाऱ्या डेंड्रिटिक पेशी, म्हणजे परक्याची ओळख पटवून देणाऱ्या पेशी, फुप्फुसात येऊन बसतात, पण घरातल्या धुळीतल्या किड्यांविरुद्ध अ‍ॅलर्जीची आग पेटवायला त्या कमी पडतात. पोटातल्या जिवाणूंचा हात हाडांच्या मगजापर्यंत पोहोचतो, हे माझ्या शिकवण्याच्या काळात कुणी सांगितलं असतं तर मी मान हलवली नसती.

आता वयाचा मुद्दा. डॉक्टर, माझ्या दृष्टीनं सगळं पत्र या एका मुद्द्यासाठी आहे.

कॅनडातल्या व्हँकुव्हरमध्ये ब्रेट फिनले यांच्या गटानं 2012 मध्ये उंदरांच्या पिल्लांना व्हँकोमायसिन हे अँटिबायोटिक दिलं. नियामक टी पेशी घटल्या, आयजीई वाढलं, आणि पुढे त्यांच्यात घडवून आणलेला दमा जास्त तीव्र निघाला. तेच औषध मोठ्या उंदरांना दिलं तर असा फरक पडला नाही. त्याच वर्षी अमेरिकेतल्या आणखी एका गटाला पूर्ण निर्जंतुक वातावरणात वाढवलेल्या उंदरांत हेच दिसलं. जन्मतःच जिवाणू मिळाले तर फुप्फुसं सावरली. वाढ झाल्यावर मिळाले तर नाही. म्हणजे एक खिडकी असते, आणि ती लवकर बंद होते.

माणसाच्या बाळात ही खिडकी कधी असते? फिनले आणि स्टुअर्ट टर्व्ही यांच्या गटानं 2015 मध्ये कॅनडातल्या 319 बाळांच्या शीचा अभ्यास प्रसिद्ध केला. वर्षाच्या वयात ज्यांच्या त्वचाचाचणीत अ‍ॅलर्जी दिसली आणि छातीत घरघरही होती, अशा बाळांच्या तीन महिन्यांच्या वयातल्या शीत चार गटांचे जिवाणू कमी आढळले: फेकॅलिबॅक्टेरियम, लॅक्नोस्पायरा, व्हेलोनेला आणि रोथिया. अ‍ॅसिटेटही कमी. वर्षाचं होईपर्यंत हा फरक बराचसा पुसला गेला होता. म्हणजे वर्षाच्या बाळाची शी तपासली असती तर सगळं आलबेल दिसलं असतं, पण तोवर रोगप्रतिकारशक्तीचा धडा गिरवून झालेला. आणि हेच चार जिवाणू निर्जंतुक उंदरांना दिले, तर त्यांच्या पिल्लांच्या श्वासनलिकेतला दाह कमी झाला.

तीन महिने! माझ्या नातवाचा पहिला कोर्स दोन महिने अकरा दिवसांचा.

“मॅडम, हे उंदरांचं झालं,” असं तुमच्यातलं कुणी म्हणेल. बरोबर आहे. म्हणून कॅनडाच्याच ब्रिटिश कोलंबिया प्रांताचं उदाहरण जरा सविस्तर सांगते, कारण तिथं एका अख्ख्या प्रांतानं नकळत हा प्रयोग करून पाहिला. 2005 पासून तिथं डॉक्टर आणि पालक या दोघांसाठी अँटिबायोटिकच्या विवेकी वापराची मोहीम चालली. वर्षाच्या आतल्या दर हजार बाळांमागे 2000 मध्ये सुमारे 1254 अँटिबायोटिक प्रिस्क्रिप्शन लिहिली जात होती, म्हणजे दर बाळामागे एकाहून जास्त. 2014 पर्यंत हा आकडा 489 वर आला. त्याच काळात एक ते चार वर्षांच्या मुलांत दम्याचं नवं निदान हजारी 27.3 वरून 20.2 वर उतरलं. चौथ्या हिश्श्याहून जास्त घट.

दोन आलेख सोबत उतरले म्हणजे एकामुळे दुसरा उतरला असं होत नाही, हे मी वर्गात ओरडून सांगायचे. म्हणून त्याच संशोधकांनी जन्मापासून पाठपुरावा केलेल्या 2644 मुलांची माहितीही तपासली. श्वसनाच्या तक्रारीसाठी अँटिबायोटिक मिळालेली मुलं त्यांनी बाजूला काढली, कारण दम्याची सुरुवातच संसर्ग समजून औषध दिलं गेलं असण्याची शक्यता असते. उरलेल्यांत, पहिल्या वर्षात एकही कोर्स न झालेल्या मुलांपैकी 5.2 टक्क्यांना पाच वर्षांच्या वयात दमा होता. एक कोर्स झालेल्यांत 8.1 टक्के, दोन झालेल्यांत 10.2 टक्के, तीन किंवा जास्त झालेल्यांत 17.6 टक्के. पायरीगणिक चढत जाणारे आकडे आहेत हे. आणि ज्या मुलांच्या आतड्यात वर्षाच्या वयात जिवाणूंचं वैविध्य जास्त, त्यांच्यात धोका कमी. हे संशोधन 2020 मध्ये प्रसिद्ध झालं.

उलट बाजूही मी झाकून ठेवणार नाही. स्वीडनमध्ये जवळपास पाच लाख मुलांचा अभ्यास 2014 मध्ये झाला. त्यात सख्ख्या भावंडांची एकमेकांशी तुलना केली तेव्हा अँटिबायोटिक आणि दमा यांचा संबंध बराच फिका पडला. घरचं वातावरण, आनुवंशिकता आणि मूळचा श्वसनसंसर्ग यांचा वाटा त्यात मोठा आहे, असा त्याचा अर्थ. मी तो अभ्यास दोनदा वाचला. माझं मत असं झालं की धोक्याचा नेमका आकडा किती यावर वाद होऊ शकतो, आणि तो व्हायलाही हवा. पण “बिघडतं काय?” या प्रश्नाचं उत्तर “काहीच नाही” असं आता कुणालाही देता येणार नाही. ज्या बाळाला औषधानं खरोखर जीवदान मिळणार आहे, त्याच्यासाठी हा धोका किरकोळ आहे. ज्या बाळाला विषाणूची सर्दी आहे, त्याच्या पारड्यात दुसऱ्या बाजूला टाकायला काहीच नाही. फायदा शून्य असेल तेव्हा लहानसा तोटाही जड होतो.

औषध कोणतं हेही पाहायला हवं. फिनलंडमध्ये दोन ते सात वर्षांच्या 142 मुलांचा अभ्यास 2016 मध्ये आला. मॅक्रोलाइड गटातल्या औषधांचा (अ‍ॅझिथ्रोमायसिन याच गटातलं) ठसा त्यांच्या आतड्यात वर्षाहून अधिक काळ टिकला होता, आणि पहिल्या दोन वर्षांत ही औषधं मिळालेल्यांत दम्याचं प्रमाण जास्त होतं. पेनिसिलीन गटाचा ठसा त्या मानानं फिका. आता आपल्याकडे पाहा. देशाच्या खासगी औषधबाजारात 2019 मध्ये सगळ्यात जास्त खपलेलं अँटिबायोटिक म्हणजे अ‍ॅझिथ्रोमायसिनची 500 मिलिग्रॅमची गोळी. तिच्यामागोमाग सेफिक्झिम. गोळ्या मोठ्यांच्या, पण तीच सवय बाटलीत उतरते. तीन दिवस, दिवसातून एकदा, चव गोड, पोर थुंकत नाही. सोयीचं आहे हे मला कळतं. जागतिक आरोग्य संघटनेच्या वर्गवारीत अमॉक्सिसिलिन पहिल्या, हाताशी ठेवण्याच्या गटात आहे. अ‍ॅझिथ्रोमायसिन आणि सेफिक्झिम दोन्ही ‘जपून वापरा’ या गटात.

इथं सॅशेबद्दलही बोलायला हवं. अँटिबायोटिकच्या खाली प्रोबायोटिकचं, म्हणजे जिवंत चांगल्या जिवाणूंच्या पुडीचं, सॅशे लिहिलं की तुमच्याही आणि आमच्याही मनाला बरं वाटतं, की काढलं ते परत भरलं. जुलाब कमी व्हायला काही वेळा त्याचा उपयोग होतो. पण एक-दोन जातींचे जिवाणू म्हणजे गेलेली वस्ती नव्हे. जंगल तोडून नीलगिरीची रांग लावली तर हिरवं दिसतं, जंगल होत नाही. इस्रायलमधल्या वाइझमन संस्थेनं 2018 मध्ये प्रौढांवर केलेल्या प्रयोगात तर अँटिबायोटिकनंतर प्रोबायोटिक घेणाऱ्यांचे मूळचे जिवाणू परतायला उलट जास्त वेळ लागला. सॅशेनं दमा टळतो असा भरवशाचा पुरावा माझ्या वाचनात नाही. आईच्या दुधाचा मात्र आहे. कॅनडाच्या त्याच मुलांमध्ये असं दिसलं की अँटिबायोटिक चालू असताना जी बाळं अंगावर पीत होती, त्यांच्यात दम्याचा धोका बराच कमी राहिला. त्यामुळे कोर्स लिहावाच लागला, तर “अंगावरचं दूध चालू ठेवा, तोडू नका” ही ओळ सॅशेच्या ओळीपेक्षा मोलाची आहे.

तुमची बाजू मला दिसत नाही असं समजू नका. आम्ही पालक आणि आजी-आजोबाच तुमच्यावर भार टाकतो. “ताकदीचं औषध द्या”, “मागच्या वेळचं जंतूचं औषध लागू पडलं होतं, तेच लिहा”, “शेंबूड हिरवा झालाय”. हिरवा रंग आपल्याच पांढऱ्या पेशींचा असतो, त्यावरून जिवाणू ठरत नाहीत, हे तुम्ही एका ओपीडीत किती वेळा सांगणार? तुम्ही नाही दिलं तर कोपऱ्यावरचा मेडिकलवाला जुन्या चिठ्ठीवर देतो. आणि एखादं बाळ खरंच न्यूमोनियात गेलं तर बोट तुमच्याकडेच वळतं. न्यूमोनिया, मूत्रमार्गाचा संसर्ग, नवजात बाळाचा सेप्सिस, मेंदुज्वर यांत अँटिबायोटिक वेळेवर मिळालं नाही तर बाळ हातचं जातं. त्या वेळी एक तासही थांबू नये. दोन महिन्यांच्या आतल्या बाळाला ताप असेल तर घरी थांबणं नाहीच. हे पत्र वाचून कुणी आई लिहून दिलेला कोर्स मध्येच बंद करणार असेल, तर तिला हात जोडून सांगते, तसं करू नका. तुमच्या डॉक्टरांना विचारा.

माझं मागणं त्या उरलेल्या प्रिस्क्रिप्शनपुरतं आहे. ती लिहिताना तुमच्या मनात निदान विषाणूचंच असतं, पण हात सवयीनं अँटिबायोटिकवर जातो. अशा वेळी चिठ्ठीवर औषधाऐवजी “48 तास थांबा” असं लिहून द्या. आईला बाळाचे श्वास मोजायला शिकवा. दोन महिने ते वर्षापर्यंतच्या बाळाचे मिनिटाला 50 किंवा जास्त झाले, छाती आत ओढली जाऊ लागली, दूध सोडलं, की रात्र असली तरी या. साताऱ्याची शेतमजूर बाईसुद्धा हे दहा मिनिटांत शिकते. मी शिकवून पाहिलं आहे. केंद्राच्या आरोग्य सेवा महासंचालकांनी जानेवारी 2024 मध्ये डॉक्टरांना पत्र लिहून सांगितलंच आहे की अँटिबायोटिक लिहिताना ते कशासाठी, हे कारणही चिठ्ठीवर नोंदवा. माझी खात्री आहे की ‘साधी सर्दी’ हे कारण स्वतःच्या अक्षरात समोर दिसलं की पेन तिथंच थांबेल.

सेफिक्झिम, सेफपोडॉक्झिमसारखी औषधं 2014 पासून औषध नियमांच्या परिशिष्ट एच-1 मध्ये, म्हणजे चिठ्ठीशिवाय विकता न येणाऱ्या औषधांच्या एका यादीत, आहेत. दुकानदारानं त्यांची वेगळी नोंदवही ठेवायची असते. औषध विक्रेत्यांना मी वेगळं लिहीन. पण त्यांच्या हातात येणारी चिठ्ठी तुमची असते.

आणि एक काम तुमच्या संघटनांनी करण्याजोगं आहे. प्रत्येक बाळाचं लसीकरणाचं कार्ड असतं. बीसीजीपासून गोवरापर्यंत तारखा, वजनाचा आलेख, सगळं त्यात असतं. ते कार्ड डॉक्टर बदलला तरी बाळासोबत फिरतं. त्यात अँटिबायोटिकसाठी जागा नाही. माझ्या नातवाचे पाच कोर्स तीन वेगवेगळ्या दवाखान्यांतून आले. प्रत्येकानं आपापल्या परीनं एक किंवा दोनच लिहिले. पाच झाले आहेत हे तिघांपैकी कुणालाच ठाऊक नव्हतं, आणि आम्ही कधी मोजले नाहीत. दोष एकट्या कुणाचा काढणार? मोजायची रीतच नव्हती. त्या कार्डात एक रकाना वाढवा: तारीख, औषध, कशासाठी. छापून येईपर्यंत तुमच्या दवाखान्यात रबरी शिक्का मारून सुरुवात करता येईल. त्याला खर्च जवळपास नाही.

आमच्या घरी आता सात महिन्यांची नात आहे. तिच्या कार्डाच्या मागच्या कोऱ्या पानावर मी पट्टीनं तीन रकाने आखले आहेत. त्यात आजवर एक नोंद आहे. पाचव्या महिन्यात ताप आला, लघवीचं कल्चर केलं, जिवाणू सापडले, औषध दिलं. योग्यच दिलं. गेल्या महिन्यात तिला सर्दी झाली, रात्रभर खोकली, सुनेचा जीव अर्धा झाला. सकाळी तिला दुसऱ्या एका डॉक्टरांकडे नेलं. त्यांनी लसींच्या तारखा पाहिल्या, कार्ड उलटं केलं, माझे रकाने वाचले, आणि बाळाचा श्वास पूर्ण एक मिनिट घड्याळ लावून मोजला. मग सुनेला म्हणाले, “चाळीस आहे. थांबू या. परवा परत आणा.” परवा नेलं तेव्हा ती त्यांच्या टेबलावरचा पेपरवेट तोंडात घालायला धडपडत होती.

दुसरी नोंद झालेली नाही. कार्डाचा फोटो काढून जिल्ह्यातल्या तुमच्या संघटनेच्या कार्यालयात मी समक्ष घेऊन येणार आहे. रकाना कुठं बसवायचा, ते तुम्ही सांगा.

आपली,
एक निवृत्त शिक्षिका (सूक्ष्मजीवशास्त्र), सातारा